वरचा दोर

संत्री घ्यायची तर मोजून दहा, हा मधुसूदनचा शिरस्ता होता. सारख्या आकाराची, मुठीत मावतील एवढी, देठाशी अजून हिरवी असलेली. गांधीबागेच्या तोंडाशी टोपली घेऊन बसलेली बाई त्याची निवड बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिला राहवेना.

"खायाले तं पिवळे घ्या न जी. हे आंबट निघतीन."

"खायची नाहीत."

"मंग?"

"पाण्यात सोडायची आहेत."

बाईनं जीपला रेलून उभ्या असलेल्या चंपतरावांकडं पाहिलं. सरकारी जीप चालवता चालवता चंपतरावांचे केस पिकले होते. ते म्हणाले, "पाहून काय राहिली वं? एमेस्सी झालेला माणूस आहे. असंच असते त्यायचं."

मधुसूदन हसला नाही. गेल्या वर्षी इथंच, जवळजवळ याच शब्दांत, हाताखालच्या देवाजीनं ही थट्टा केली होती. तेव्हा तो हसला होता.

चौऱ्याहत्तर सालचा नोव्हेंबर लागून पाच दिवस झाले होते आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. मधुसूदन सव्वीस वर्षांचा, भूगर्भशास्त्रात एमेस्सी केलेला, शहराच्या सदर भागातल्या एका सर्वेक्षण कार्यालयात दोन वर्षांपासून नोकरीला. पावसाळा सरला की आसपासच्या नाल्यांतून किती पाणी वाहतं ते मोजायचं, हे त्याचं काम. मोजायची रीत जुनी आणि सोपी होती. पन्नास मीटर अंतरावर दोन दोर नाल्यावर आडवे बांधायचे. वरच्या दोरापाशी एक माणूस, खालच्या दोरापाशी दुसरा. वरचा संत्रं पाण्यात सोडतो आणि ओरडून सांगतो, "सोडलं." खालचा स्टॉपवॉच सुरू करतो. संत्रं दोराखालून गेलं की घड्याळ थांबवतो, जाळीनं संत्रं टिपतो आणि ओरडतो, "आलं." मग पुढचं. अशी दहा. संत्रंच का, तर ते जवळजवळ सगळं पाण्यात बुडून वाहतं, वारा त्याला ढकलू शकत नाही, आणि तरी लांबून दिसतं.

दहा झाली की खालचा माणूस हाक देतो, "बस्स, या खाली." ती हाक आल्याशिवाय वरच्यानं जागा सोडायची नाही. नियम म्हणावा असा त्या कामात हा एकच होता.

हुडकेश्वर मागं पडलं. तेव्हा ते बैलगाड्यांचं आणि शेणकुटांच्या रचलेल्या ढिगांचं गाव होतं. त्यापुढं दोन कोस गेल्यावर डाव्या हाताला सुरई नाला लागला, आणि तिथून रस्त्यानं त्याची सोबत सोडली नाही. नाला वळला की रस्ता वळायचा. नाला खडकांत घुसला की रस्ता जरा वर चढून त्याच्याकडं बघत चालायचा. काठावरच्या उंच गवताला पांढरे तुरे आले होते आणि दुपारच्या उन्हात ते आतून दिवा लावल्यासारखे दिसत होते. पलीकडं तुरी फुलावर आलेल्या. कपाशीची बोंडं उकललेली. एका संत्र्याच्या बागेत वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले होते. पाण्यातल्या दगडांवर धोबी पक्षी शेपट्या हलवत होते. ते हिमालयापलीकडून दरवर्षी याच सुमारास येतात, हे मधुसूदनला माहीत होतं. पाणी यंदा कमी होतं, पण इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत.

इतकं सगळं दिसत होतं आणि दाखवायला कोणी नव्हतं. चंपतराव रस्त्याशिवाय कशाकडं बघत नसत. नवा मदतनीस रुपराव हिवतापानं घरी पडला होता. जीपची मागची बाजू रिकामी होती. तिथं दोर, जाळी आणि संत्र्यांची थैली होती, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक अॅल्युमिनियमचा डबा.

डबा देवाजीचा होता.

देवाजी चाळिशीच्या आतबाहेरचा, हंगामापुरता कामाला लागणारा. सुरई नाल्यावरच्या मोजणीच्या पाचही जागा त्याला पाठ होत्या. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर गावच्या रात्रशाळेत तो अक्षरं शिकला, आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक संत्र्यावर जांभळ्या पेन्सिलीनं आकडा घालायचा. मोठे, जोर देऊन काढलेले आकडे. त्याचा आठ मागं झुकायचा, भिंतीला टेकल्यासारखा. मधुसूदन दिसेल ते मोजतो याची त्याला भारी गंमत वाटे. शेवटची जागा आंबडोहाची. तिथून देवाजीचं घर नाल्याकाठच्या पायवाटेनं जवळ होतं. एकदा दोघं तिकडून चहाला पायी गेले, तेव्हा मधुसूदननं घड्याळ लावलं होतं. एकोणीस मिनिटं.

"माहं चालणंही मोजलं का साहेब?" देवाजी म्हणाला होता. "मंग हे माह्या बायकोले सांगा न जी. ते म्हणते मले यायले तास लागते."

गेल्या वर्षी, शेवटच्या दिवशी, आंबडोहावर सात संत्री झाली तेव्हा साडेचार वाजत आले होते. सदरला साडेसहाचा सिनेमा होता, तिकिटं मित्रांनी काढून ठेवली होती. सातही वेळा साठ सेकंदांच्या आगंमागंच आल्या होत्या. उरलेल्या तीन संत्र्यांनी सरासरीत फरक पडणार नव्हता. मधुसूदनचा घसा बसला होता. वरचा दोर वळणापलीकडं, खालून दिसत नसे, आणि हाक ऐकू जायला काठावरच्या खडकावर चढावं लागे. तो चढला नाही. देवाजीचं घर त्या बाजूलाच आहे, संत्री संपली की जाईल, असं त्यानं धरलं. जीपमध्ये बसल्यावर वहीत आठ, नऊ आणि दहापुढं त्यानं आकडे लिहिले. अठ्ठावन्न. एकसष्ट. एकोणसाठ. असे, की खरे वाटावेत.

सिनेमा त्यानं पाहिला.

देवाजी तिसऱ्या दिवशी डोहात सापडला. पाय घसरला असावा, असं सगळे म्हणाले. चौकशीत मधुसूदननं सांगितलं, काम संपलं, हाक दिली आणि आम्ही निघालो. चंपतराव रस्त्यावर जीपपाशी होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

पुढं वर्षभर मधुसूदन एकच गणित सोडवत राहिला. वरच्यानं आठवं सोडलं. खालून "आलं" ऐकू आलं नाही. त्यानं नववं सोडलं, दहावं सोडलं. टोपली रिकामी झाली. हाक नाही. जागा सोडायची नाही. अंधार पडायला लागल्यावर खाली काय झालं ते बघायला माणूस पाण्यात उतरेल, की काठाकाठानं येईल?

नाल्यावरचा तिसरा बुटका पूल, रपटा, ओलांडल्यावर देवाजीचं गाव आलं. वस्तीतलं शेवटचं घर, निळ्या चुन्यानं रंगवलेलं. कौसल्या, देवाजीची बायको, कपाशी वेचून नुकतीच परतली होती. बोटं बोंडांच्या काट्यांनी खरवडलेली. आत भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. दाराबाहेर, पायरीच्या दगडावर, काठोकाठ पाण्यानं भरलेला पितळेचा गडवा ठेवला होता. पाण्यावर लिंबाचं एक पान तरंगत होतं.

"जयभीम साहेब."

मधुसूदननं डबा पुढं केला. "जीपमध्ये राहिला होता. आणायला उशीर झाला."

तिनं झाकण उघडून आत पाहिलं. "घासून आणला तुम्ही."

"हो."

चंपतरावांनी गडव्याकडं बोट केलं. "हे पाणी कोणाले वं बाई?"

"हातपाय धुवाले," कौसल्या म्हणाली. "कामावरून आले की आधी पाणी लागे त्यायले. भूतखेत नाही मानत मी, भाऊ. आमच्या घरी छप्पन सालीच सुटलं ते. पण रोज सांजेले हात आपोआप गडव्याकडं जाते. काय करता?"

तिनं चहा ठेवला. कप देताना ती मधुसूदनसमोर थांबली.

"एक विचारू का साहेब? रागावू नका."

"विचारा."

"हाक देली होती न तुम्ही?"

कप गरम होता. मधुसूदननं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "दिली होती."

"मंग ठीक." तिनं मान हलवली. "मले वाटे, पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आली का काय. हाकेबिगर जागा सोडत नव्हते ते."

आंबडोहाला जीप फिरून न्यावी लागते. सात किलोमीटर, खडीचा रस्ता. पोचले तेव्हा साडेतीन होत होते. चंपतरावांचा गुडघा दुखत होता, ते उतारावरून खाली येणार नव्हते. मधुसूदननं दोन्ही दोर एकट्यानं बांधले. वरचा दोर जांभळीच्या त्याच मुळाला. तिथं एक सपाट काळा खडक होता, माणूस उभा राहील एवढा. त्यावर शेवाळ होतं आणि उन्हाचा एक तुकडा. आणखी काही नव्हतं.

एकट्यानं मोजायचं म्हणजे संत्रं सोडायचं, घड्याळ लावायचं आणि काठानं त्याच्याबरोबर चालत यायचं. पहिलं चौऱ्याऐंशी सेकंदांत आलं. दुसरं ब्याऐंशी. पाणी मंद होतं, चालताना संत्रं मागंच राहायचं, त्याच्यासाठी थांबावं लागायचं. "सोडलं" म्हणायला कोणी नव्हतं आणि "आलं" ऐकायलाही नव्हतं, तरी तिसऱ्या वेळेला तो हलकेच "आलं" म्हणाला. मग त्याला ओशाळल्यासारखं झालं आणि पुढची चार त्यानं तोंड मिटून मोजली.

सात झाली. थैली खांद्यावर तशीच ठेवून तो खालच्या दोरापाशी टेकला. गुडघ्यावर वही घेऊन सातव्यापुढं पंच्याऐंशी लिहिलं. वर जाऊन आठवं सोडायचं होतं. ऊन पलीकडच्या काठावरच्या गवतावर गेलं होतं. धोबी पक्षी नव्हते. ते केव्हा गेले, ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सोडलं जी."

आवाज वळणापलीकडून आला. मोठा नव्हता. पाण्यावरून येतो तसा, जरा सपाट.

मधुसूदनच्या अंगठ्यानं घड्याळाचं बटण दाबलं. दोन वर्षांची सवय. बोटांनी त्याला विचारलं नाही.

तो वळणाकडं बघत राहिला. गुराखी असेल. कोणी चेष्टा करत असेल. पण पाण्यात काय येतं ते आधी पाहू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते सांगताना पाणी मंद आहे, दीड मिनिट तरी लागेल, हाही हिशेब केला.

संत्रं वळणावरून निघालं. बाजूनं वाहणारी पानं मागं टाकत आलं. गेल्या वर्षीच्या पाण्यात यावं तसं.

अठ्ठावन्न सेकंद.

त्यानं जाळीनं ते उचललं. ताजं होतं, थंड होतं, देठाशी हिरवं होतं. सालीवर जांभळ्या पेन्सिलीनं आठ लिहिला होता. मागं झुकलेला.

"सोडलं जी."

एकसष्ट.

त्यानं थैली उघडून पाहिली. मोजलेली सात आणि न मोजलेली तीन. दहा. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं.

"सोडलं जी."

घड्याळ थांबवायच्या आधीच त्याला आकडा माहीत होता. तो आकडा त्यानंच लिहिला होता.

एकोणसाठ.

मग काहीच आलं नाही.

मधुसूदन दोराजवळ उभा होता. पाणी घोट्याला लागत होतं. वळणापलीकडं कोणीतरी गप्प उभं होतं. त्या गप्पपणाला एक दिशा होती. ती त्याच्याकडं होती. तिथला माणूस कशासाठी थांबला आहे, हे या अख्ख्या जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

जीप शंभर पावलांवर होती. गेल्या वर्षीही ती तेवढ्याच अंतरावर होती.

तो काठावर आला. खडकावर चढला. खडक इतका सोपा होता, चार पावलं.

"बस्स, देवाजी," त्यानं हाक दिली. मग मोठ्यानं पुन्हा दिली. "बस्स. झालं. या खाली."

पाणी वाहत राहिलं.

"येतो जी."

सुटल्यासारखा आवाज. दमलेला, आणि खुशीतला.

पलीकडच्या काठावर गोटे वाजले. वारा नव्हता. पांढऱ्या तुऱ्यांचं गवत वळणापासून एका रेषेत वाकत गेलं, एकेक तुरा, माणसाच्या चालीनं. मधुसूदनच्या समोरून गेलं. थांबलं नाही. पायवाटेनं गावाच्या दिशेला गेलं.

बऱ्याच वेळानं हातातल्या टिकटिकीकडं त्याचं लक्ष गेलं. "येतो" ऐकल्यावर त्यानं घड्याळ लावलं होतं.

तिन्ही संत्री थैलीत टाकून तो जीपपाशी आला. चंपतराव विडी विझवून बसले होते.

"वर कोण होतं जी?"

"कोणी नाही."

"मंग सोडलं-सोडलं कोण करून राहिलं होतं?"

मधुसूदननं घड्याळ शर्टाच्या खिशात ठेवलं. ते चालू होतं. कापडातून ते छातीला जाणवत होतं. "गाडी गावात घ्या चंपतराव. कौसल्याबाईंकडं."

"आता? काहून?"

"मी त्यांना एक खोटं सांगितलं आहे."

चंपतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग किल्ली फिरवली. खडीच्या रस्त्यावर जीप खडखडत होती, खिशातली टिकटिक त्यात ऐकू येत नव्हती. मधुसूदन मनात वाक्यं जुळवत होता. मी हाक दिली नव्हती. सात झाल्यावर निघून गेलो. मला सिनेमाला जायचं होतं. हे शेवटचं वाक्य कसं म्हणायचं ते त्याला गाव येईपर्यंत जमलं नाही.

वस्तीत चुली पेटल्या होत्या. धूर खाली, छपरांच्या उंचीवर साचला होता. तो एकटाच उतरला.

कौसल्याचं दार लावलेलं होतं. दुपारी ते सताड उघडं होतं.

पायरीच्या दगडावर गडवा आडवा पडला होता. रिकामा. दगड ओला होता, आणि लिंबाचं पान त्याला चिकटलं होतं.

त्यानं दार वाजवायला हात उचलला. गल्लीत इतकं शांत होतं की त्याला काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. मग ध्यानात आलं. त्यानं खिशातून घड्याळ काढलं.

ते बंद होतं. काटे एकोणीस मिनिटांवर थांबले होते. त्या घड्याळाला थांबवायला वरचं बटण जोर देऊन दाबावं लागतं.

आतून कौसल्याचा आवाज आला. हळू, रोजचा, जरा रागावलेला.

"काहून जी इतका उशीर?"

ती थांबली. एखादं वाक्य ऐकून घ्यायला लागतो तेवढा वेळ. डब्याचं झाकण वाजलं.

"मी विचारलं न साहेबाले. देली म्हणे हाक. तेव्हाच देली म्हणे."

ती पुन्हा थांबली. या वेळी जास्त. मधुसूदन नकळत सेकंद मोजत होता, अकरा झाले.

"आज देली?" ती म्हणाली.

मग दोन माणसं एकदमच दाराकडं बघतात तेव्हा घर जसं गप्प होतं, तसं ते घर गप्प झालं.